काळा केलेला होका

आमच्या घरात माझ्या संशयी स्वभावावर जेवढी चर्चा होते तेवढी राजकारणावरही होत नाही. भाजीवालीने भेंडी गावठी आहे म्हटलं की मी विचारतो, कशावरून? औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून बघतो. आणि माझी बायको आल्यागेल्याला हमखास सांगते, की लग्नात मंगळसूत्र गळ्यात घालायच्या आधी ह्यांनी ते कसोटीवर घासून बघितलं. हे साफ खोटं आहे. मी फक्त उजेडात धरून बघितलं होतं.

पण ह्यात माझा काय दोष? धंदाच तसा. नोकरीची सगळी वर्षं मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका प्लेटिंगच्या कारखान्यात काढली, आणि ती सुटल्यावर बोईसरला सरावलीच्या रस्त्यावर बफिंगचं, म्हणजे धातू घासून चकाकी द्यायचं, आणि मुलाम्याचं लहानसं दुकान टाकलं. लोखंडाला चांदीसारखं करायचं, पितळेला सोन्यासारखं करायचं, आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर नव्याला जुन्यासारखं करायचं, ह्यावर माझं घर चाललं. ज्याने जन्मभर वस्तूंना खोटं बोलायला शिकवलं, तो वस्तूंवर विश्वास कसा ठेवणार?

नव्याचं जुनं कसं करतात ते सांगतो. त्यात गुपित असं काही नाही. ओतून आणलेली पितळेची वस्तू आधी तेल-मळ काढून धुवायची, तारेच्या आकड्याला टांगायची आणि गंधकाच्या पाण्यात सोडायची. त्या पाण्याला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, घरी गेल्यावर बायको अंघोळ केल्याशिवाय आत घेत नाही. बघता बघता पितळ तपकिरी होतं, मग काळं. बाहेर काढायचं, धुवायचं, आणि उंच भागावरचा काळा रंग बफच्या चाकावर उडवायचा. खाचाखोचांत काळं राहतं, वर पिवळं दिसतं, वरून लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, हात मारायचा. झाली वस्तू तुमच्या पणजोबांची. कारखान्यात माझ्या शेजारी रामावतार नावाचा बिहारचा कारागीर होता. तो प्रत्येक माल बाहेर काढताना म्हणायचा, "लो राऊतभाई, दस मिनट में सौ साल!"

ह्यात लबाडी नव्हती. बिलावर स्वच्छ लिहिलेलं असायचं, अँटिक फिनिश. हॉटेलवाले दारांच्या मुठी करून घ्यायचे, शहरातले लोक दिवे. लबाडी पुढच्या हातात व्हायची. एकदा मी मनोरला हायवेवर चहा प्यायला थांबलो, तर शेजारच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एक घंटा टांगलेली. पोर्तुगीजांच्या वेळची, वसईच्या किल्ल्यातली, असं मालक एका जोडप्याला रंगात येऊन सांगत होता. मी घंटा उलटी करून बघितली. आमच्याच कारखान्यातली. ओळखली कशी? वस्तू आकड्याला टांगली की तार जिथे टेकते तिथे पाणी पोचत नाही आणि पितळेचा एक फिकट ठिपका राहतो. आम्ही त्याला बेंबी म्हणायचो. बुडवलेल्या प्रत्येक मालाला बेंबी असते. ती झाकायची असेल तर कापसाच्या बोळ्याने पुन्हा रंग लावावा लागतो, आणि एवढा उत्साह कोणाला असतो! त्या घंटेची बेंबी तर रामावतारच्या आळशीपणाची साक्ष देत होती.

तो दुकानदार म्हणजे दिनेशशेठ. ह्या गोष्टीत त्याचं काम आहे, म्हणून नाव सांगून ठेवलं. अर्थात नाव बदललं आहे. माणूस गोडबोल्या, पान खाणारा, कोणालाही पहिल्या भेटीत दादा म्हणणारा. अशा माणसाला मी लांबूनच नमस्कार करतो.

दुकान मुलावर सोपवल्यावर मी पालघरच्या एका छंद मंडळात जायला लागलो. नाणी, दिवे, अडकित्ते, जुनी कुलपं जमवणारी मंडळी. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या वर्गात जमायचं, आपापल्या वस्तू बाकांवर मांडायच्या, चहा प्यायचा, जमलं तर घ्यायचं-विकायचं. शिवाय फोनवर मंडळाचा ग्रुप, तिथे रोज कोणी ना कोणी काहीतरी विकायला टाकतं. अध्यक्ष सामंतसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांनी मंडळाला एकच नियम घालून दिलेला. दुसऱ्याच्या मालावर चारचौघांत बोलायचं नाही. शंका असेल तर अध्यक्षांच्या कानावर घालायची, ते बघून घेतील.

"राऊत, चारचौघांत खरं-खोटं करायला लागलो तर मंडळात कोणी वस्तू आणणारच नाही," साहेब म्हणायचे. "हा छंद आहे, कोर्ट नाही."

मला पटलं होतं. निदान मी गप्प होतो. मग एकदा दिनेशशेठने एक समई आणली. चोळकालीन म्हणे! चोळ राजांनी ती मनोरला कधी ठेवायला दिली कोण जाणे. मी बेंबी बघितली, नियमाप्रमाणे साहेबांच्या कानात सांगितलं. साहेबांनी दिनेशशेठच्या कानात सांगितलं. दिनेशशेठने समई गुपचूप पिशवीत घातली. कोणाला ओरखडा नाही, कोणाचा अपमान नाही. मला वाटलं, वा, किती सभ्य लोक आहोत आपण.

पुढे कधीतरी आमच्या मंडळातले एक वयस्कर शिक्षक ती समई घेऊन माझ्या दुकानात आले. मधला दांडा हलत होता, तो बसवून हवा होता. गुरुजींनी आयुष्यात मोठी अशी एकच खरेदी केलेली, आणि ती ही. मी बघतच राहिलो. खोटं बोलायला जीभ वळेना. सांगून टाकलं.

गुरुजींनी समई पुन्हा कापडात गुंडाळली. मग म्हणाले, "मंडळात हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"मला, साहेबांना आणि विकणाऱ्याला."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांनाच की हो."

त्यानंतर गुरुजी मंडळात आले नाहीत. समई त्यांनी फेकली का ठेवली, विचारायची माझी हिंमत झाली नाही. शंका खाजगीत घेतली, समई खाजगीत मागे घेतली आणि फसवणूकही खाजगीतच उरकली. मला स्वतःचा असा संताप आला, की मी ठरवलं, आता कानात बोलणं बंद. जे बोलायचं ते सगळ्यांसमोर, स्वतःचं नाव घालून. साहेबांना तसं सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "तुम्ही मंडळ बुडवणार." मी म्हटलं, "बुडू द्या."

आणि मग ग्रुपवर होका आला.

होका म्हणजे होकायंत्र. जीपीएस आलं तसे आमच्या किनाऱ्यावरचे होके माळ्यावर गेले. ह्या वस्तूइतकी नक्कल दुसऱ्या कशाची होत नसेल. टपऱ्यांवर परदेशी कंपन्यांची नावं कोरलेले ढिगाने मिळतात. दिनेशशेठने चार फोटो टाकले होते. तळहातापेक्षा थोडी मोठी पितळी डबी, आत काटा, वर जाड काच, आणि सगळं अंग काळंभोर. खाली लिहिलं होतं, "दांडी गावच्या कोळी कुटुंबातला अस्सल जुना होका. मालकीण आजही बोईसर बाजारात सुकी मासळी विकतात. किंमत फोनवर."

मी फोटो मोठा केला. झाकणाच्या बिजागरीखाली, जिथे कोणी बघत नाही तिथे, फिकट ठिपका. बेंबी! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. चोर पकडल्याचा आनंद दारूपेक्षा वाईट. चहा गार होऊ दिला आणि तिथल्या तिथे लिहिलं, "हा होका जुना नाही. काळा रंग गंधकाच्या पाण्याचा आहे, बिजागरीखाली आकड्याची खूण स्पष्ट दिसते. मंडळाने खुलासा मागावा. राऊत."

ग्रुपवर धुमाकूळ. कोणी शाबासकीचे अंगठे टाकले, कोणी म्हणालं बरं झालं कोणीतरी बोललं. दिनेशशेठचं उत्तर मात्र ऐकण्यासारखं होतं. "दादा, मला त्या बाईंनी जुना म्हणून दिला. गरीब बघून मी विश्वास ठेवला. हल्ली कोणावर विश्वास ठेवावा तेच कळत नाही." आणि जोडलेले हात. मी वाचलं आणि पुढे गेलो. ती बाई कोण, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

दोन-चार दिवसांनी मी बोईसरच्या बाजारात गेलो. सुक्या मासळीच्या ओळीत जनाबाई बसते. दांडीची, माझ्यापेक्षा थोडी लहान, कमरेत जड, जिभेने त्याहून जड. तिच्याकडून मी वर्षानुवर्षं बोंबील आणि जवळा घेतो. एरवी मी लांबून दिसलो की ओरडायची, "आला बघा सीआयडी!" त्या दिवशी ओरडली नाही. मी समोर बसलो तरी मान वर केली नाही.

"जवळा कसा दिलास?" मी विचारलं.

"राऊतभाव, तुमचं ते पितळेचं दुकान हाय ना?"

"हो. म्हणजे आता मुलगा बघतो."

"मंग फोनवरचा राऊत तो तुमीच."

मी मान हलवली. तिच्या पुढ्यात जवळ्याचा ढीग तसाच होता. शेजारणींचे अर्धे खाली झालेले. तिने सांगितलं ते असं. माझा मजकूर आणि ते फोटो कोणीतरी पुढे ढकलले, त्याने आणखी पुढे ढकलले, आणि फिरत फिरत ते बाजारात आले. वर कोणा शहाण्याने स्वतःची ओळ जोडली होती, "दांडीच्या मासळीवालीपासून सावध." बाजारात दांडीची मासळीवाली काही एकच नाही, पण होका विकायला काढलेली एकच होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"काल सरावलीची एक बाय आली. नेहमीची माझी. जवळा मापात घेतला, परत ओतला. म्हणते, होका खोटा तर ह्यात वाळू किती असल?" जनाबाईचा आवाज चढला. "वाळू! माझ्या जवळ्यात! सासूपासनं ह्या जागेवर बसतो आमी. आमच्या धंद्यात दुसरं काय हाय, राऊतभाव? पावती देतो काय आमी? तोंडावर चालतं सगळं. तेच तू काळं केलंस."

तुमीवरून तूवर आली ते मला कळलं.

"होका तुझा आहे हे मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"दुसरीचा असता तर चाललं असतं?"

मी आपला धंद्याच्या प्रश्नाकडे वळलो. म्हटलं, रंग तर गंधकाचाच आहे, तो कोणी केला?

"त्या मनोरच्या शेठनं. मी विकायला दिला तेवा आरशासारखा होता. दर नारळी पुनवेला चिंच लावून मी घासते, माझी सासू घासायची, पूजेला ठेवायचो. शेठ म्हणाला, मावशी, असा चकचकीत कोण जुना म्हणेल? लोकांना काळा लागतो. मी करून घेतो. आनि ते 'कोळी कोळी' काय लिवलंय त्यानं? आमी कोळी नाय, मांगेले."

"विकतेस कशाला पण?"

"हौस आली!" ती म्हणाली. मग जरा खाली आली. "पोराच्या बोटीचं मशीन बंद पडलं. स्वतःची बोट किनाऱ्यावर वाळते आनि हा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जातो. होका काय पूजेलाच लागतो आता. पोरगा म्हणाला, आजाचा होता, आजानं बोट चालवली, आता परत त्यानंच चालवू दे."

आता माझा स्वभाव बघा. एवढं ऐकूनही डोक्यात किडा वळवळत होताच. शेठने काळा केला असं कोणीही म्हणेल. खालचं पितळ जुनं कशावरून? टपरीवरचा नवा होका घेऊन, शेठशी संगनमत करून, मासळीवालीची गोष्ट चिकटवली नसेल कशावरून? मी तिला ओळखत होतो, तरी हे मनात आलं. मला माझीच चीड आली, पण आलं ते आलं.

तिने ते माझ्या तोंडावर वाचलं असावं. म्हणाली, "तुमचं मंडळ कधी भरतं?"

रविवारी ती आली. सोबत मुलगा, काशिनाथ, उन्हाने रापलेला, कमी बोलणारा. त्यांनी दिनेशशेठकडून होका परत आणला होता. दिनेशशेठही आला होता, कोपऱ्यात पान लावत होता. सामंतसाहेबांनी मला बाजूला घेतलं, "राऊत, बाईंना व्हरांड्यात नेऊन बोलू या. शांतपणे. सगळ्यांसमोर कशाला?" मी म्हटलं, "साहेब, मी सगळ्यांसमोर विचारलं. आता तिला व्हरांडा कशाला दाखवायचा?"

जनाबाईने होका बाकावर ठेवला आणि पदरात बांधून आणलेला चिंचेचा गोळा त्याच्या शेजारी. चिंच बघून मला पुन्हा शंका आली, की ही सगळी तयारीनिशी आली आहे. अर्थात मीही खिशात थिनरची बाटली घेऊन गेलो होतो. लॅकर असलं की चिंच काही करू शकत नाही, आधी ते काढावं लागतं. मी फडक्याने लॅकर पुसलं. थिनरच्या वासाने साहेबांनी खिडकी उघडली. मग होका तिच्याकडे सरकवला.

"घास," मी म्हटलं.

"तूच घास की. नायतर म्हणशील हातचलाखी केली."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. पण घासला मीच. चिंच, मीठ, अंगठा. काळं पाणी बाकावर ओघळायला लागलं. मनातून मला काय हवं होतं ते सांगणं कठीण आहे. खाली नवं पितळ निघालं तर माझं नाव राहत होतं आणि हिचं जात होतं. जुनं निघालं तर उलट. माणूस म्हणून मला जुनं निघायला हवं होतं. बाकीचं विचारू नका.

आधी झाकण निघालं. वर कोरलेली अक्षरं होती खरी, पण घासून घासून इतकी पुसट झालेली, की बोट फिरवल्यावरच कळावीत. टपरीवरच्या मालावर अक्षरं ठसठशीत असतात, तीच तर विकायची असतात. झाकण उघडायच्या जागी अंगठ्याएवढा खळगा पडलेला. असा खळगा चाकावर पाडता येतो, मी पाडून दाखवेन, पण मग कडा साबणाच्या वडीसारखी सगळीकडून सारखी येते. ही एकाच बाजूने गेलेली, उजव्या हाताच्या अंगठ्याने.

मग डबीच्या काठावर एका जागी काळं मेण भरलेलं दिसलं. मेण! मी लगेच साहेबांकडे बघितलं. "इथे काहीतरी लपवलंय."

दिनेशशेठ कोपऱ्यातून म्हणाला, "दादा, तिथे ओरखडा होता. वस्तूला डाग दिसला की भाव पडतो, म्हणून बुजवून घेतला. मी फक्त साफसफाई केली हो."

जनाबाईने डोक्यातला आकडा काढला आणि मेण उकरून टाकलं. खाली कानशीने मारलेला आडवा चरा. खोल, मुद्दाम मारलेला. मंडळातला एक जण हळहळलासुद्धा, "अरेरे, नग खराब केलाय कोणीतरी."

"खराब?" इतका वेळ गप्प असलेला काशिनाथ पुढे आला. "माझ्या आजाला वाचता येत नव्हतं. त्यो तांडेल होता, सगळी बोट त्याच्या शब्दावर चालायची, पन अक्षर येत नव्हतं. हे बगा." त्याने होका बाकावर सपाट ठेवला आणि हळूहळू फिरवत नेला. काटा डुगडुगला, स्थिर झाला, आणि फिरत्या डबीवरचा चरा काट्याच्या टोकाखाली आला. तिथे त्याने हात थांबवला. "काटा चऱ्यावर आला की बिजागरीची ही बाजू बगायची. होडीचं तोंड तिकडं ठेवायचं. तिकडं घर. धुकं पडलं, तारे नाय दिसले, तरी चालतं."

बिजागरी पूर्वेकडे होती. आम्ही समुद्रावर असतो तर समोर दांडी आली असती.

मंडळी बाकाभोवती वाकून बघायला लागली. मी मात्र शेवटची तपासणी केली, ती न करता मला झोप लागली नसती. चऱ्यावरून नख फिरवलं. कानशीचा ताजा चरा नखाला अडकतो, बोट कापतं. हा अडकला नाही. कडा गोल झालेल्या, दोन पिढ्यांच्या चिंचेने. हे आमच्या कारखान्यात दहा मिनिटांत करता येत नाही, रामावतारलासुद्धा नाही. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "होका खरा आहे. रंगाबद्दल मी बरोबर होतो, होक्याबद्दल चुकलो."

मी नुसती कातडी बघितली होती. आयुष्यभर कातडीच बदलत आलो, मग दुसरं काय बघणार?

डहाणूच्या एका चिकूच्या बागवाल्याने होका तिथेच मागितला. "असाच द्या, चकचकीत, चऱ्यासकट," म्हणाला. दिनेशशेठ मध्ये तोंड घालायला आला तेव्हा साहेबांनी त्याला पहिल्यांदा चारचौघांत गप्प बसवलं. व्यवहार झाला. काशिनाथने होका देण्याआधी कपाळाला लावला, आणि पुढल्या महिन्यात त्याची बोट पाण्यात गेली.

"चला, विषय मिटला," व्यवहार होताच सामंतसाहेब समाधानाने म्हणाले.

"कुठं मिटला?" जनाबाई म्हणाली.

मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं. माझी चूक, होक्याची खरी हकिगत, सगळं. पहिल्या मजकुरावर उड्या पडल्या होत्या. ह्याला दोघांनी हात जोडले आणि लगेच कोणीतरी एक व्हिक्टोरियाचं नाणं विकायला टाकलं. पुढे कोणी ढकललं नाही. कशाला ढकलतील? "मासळीवाली खरी निघाली", ह्यात काय मजा आहे? माझा खुलासा पालघरच्या बाहेर गेला नाही आणि तो "सावध"वाला फोटो, मला नंतर कळलं, थेट विरारपर्यंत जाऊन आला.

मला अजून विचारतात, चारचौघांत शंका घ्यावी का? घ्यावी. गुरुजींची समई मी विसरलेलो नाही. पण शंका घेणाऱ्याने फोन खिशात टाकून चहा प्यायला जाऊ नये. वस्तूमागचं माणूस कोण ते आधी बघावं, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच उभं राहावं, मग कितीही वेळ लागो. एवढं पटवून घ्यायला मला बाजारात जावं लागलं.

पुढच्या बाजाराला गेलो तर जनाबाईचा ढीग अजून शेजारणींपेक्षा मोठाच. मी म्हटलं, "मी ग्रुपवर लिहिलं, जनाबाई. सगळं लिहिलं."

"माझी गिऱ्हाइकं तुमच्या गुरुपात हायत काय?"

"नाहीत."

"मंग हितं सांगा."

"कोणाला?"

"सगळ्यांना. उभं राहा आनि सांगा."

मी इकडे तिकडे बघितलं. गर्दीची वेळ, रिक्षांचे भोंगे, पलीकडे एकजण स्टुलावर उभा राहून हिंदीत चादरी विकत होता. मी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवलेला नाही. शेवटी उभा राहिलो आणि घसा खाकरून म्हणालो, "जनाबाईचा होका खरा आहे."

"कोणाला ऐकू गेलं?" ती म्हणाली. "फोनवर तर जाम मोठ्यानं बोललात."

मग मी ओरडलो. "ओ, ऐका! जनाबाईचा होका खरा आहे! मी खोटा म्हणालो, मी चुकलो! माझं नाव राऊत, पितळवाला!" शेजारच्या मासळीवाल्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. चादरवाला स्वतःचं ओरडणं थांबवून बघायला लागला. दोन-तीन माणसं थांबली. एका बाईने विचारलं, "होका म्हणजे काय हो?" मी सांगायला लागलो, पण ती बोंबील बघायला वाकली होती.

आणि मागून दोघे जण चालले होते, त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, अगदी सहज, "ह्याला बाईनं किती दिले असतील रे, ओरडायला?"

वळून त्याला धरावं आणि सांगावं, अरे, मी कोण, माझा धंदा काय, मला कोणी विकत घेतलेलं नाही, असं झालं. पण तो गर्दीत गेलासुद्धा.

जनाबाईने ऐकलं होतं. ती हसली नाही. मापातला जवळा त्या बाईच्या पिशवीत ओतत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "लागलं? तसंच लागतं. आता आनखी एकदा ओरडा, राऊतभाव. त्या टोकाला ऐकू नाय गेलं."